काशीत एकच दिवस, सोबत आईबाबा आणि मुलं: दिवस असा बसवा

ज्यांच्या हातात काशीत जेमतेम एक दिवस आहे आणि सोबत सत्तरीचे आईबाबा किंवा सासू-सासरे, शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्याकडे "काशीस जावे नित्य वदावे" म्हणतात, तसं वर्षानुवर्षं घरात नुसतं बोलणं चालू असतं आणि मग कधीतरी प्रयागच्या विधीला जोडून किंवा कुणाच्या तरी लग्नाला जोडून जाणं ठरतं, आणि काशीच्या वाट्याला येतो एक दिवस. एका दिवसात काशी होत नाही हे खरंय. पण तो एक दिवस नीट जमू शकतो, दर्शन होतं, नदी मनासारखी बघता येते आणि घरातली मोठी माणसं दमून रडकुंडीला येत नाहीत. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या.

जुन्या काशीत गाडी आत जात नाही. विश्वनाथ, अन्नपूर्णा, दशाश्वमेध, मणिकर्णिका हे सगळं गल्ल्यांच्या आत आहे, आणि रिक्षावाला तुम्हाला गोदौलिया चौकाच्या किंवा दुसऱ्या बाजूने मैदागिनच्या आसपास सोडतो, गर्दीच्या दिवशी तर त्याच्याही अलीकडे. तिथून पुढे पायी. म्हणून इथला दिवस ठिकाणांच्या यादीवर न बसवता चालण्यावर बसवायचा, म्हणजे एकदा आत गेलात की आतलं सगळं उरकूनच बाहेर या, दुपारी खोलीवर आडवे व्हा आणि संध्याकाळी परत नदीवर. जे लोक सकाळी दर्शन, मग सारनाथ, मग परत कालभैरव, मग परत आरती असं आत-बाहेर करत बसतात त्यांचा अर्धा दिवस ट्रॅफिकमध्ये जातो आणि आजीचे गुडघे दुपारीच बोलायला लागतात.

१. कधी जायचं, कुठे उतरायचं, कुठे राहायचं

ऑक्टोबर शेवट ते मार्च सुरुवात हा बरा काळ. त्यातही डिसेंबर-जानेवारीत धुकं इतकं असतं की गाड्या तासन्‌तास लेट होतात आणि पहाटेच्या नावेतून समोरचा घाट दिसत नाही, त्यामुळे मला विचाराल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. जुलै ते सप्टेंबर गंगा चढलेली असते, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, नावा बंद ठेवतात. एप्रिल-मे-जूनमध्ये म्हाताऱ्यांना घेऊन जाऊच नका. महाशिवरात्र, उत्तरेकडच्या श्रावणातले सोमवार आणि कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी हे दिवस बघायला सुंदर असतात पण एका दिवसाच्या फॅमिली ट्रिपला अजिबात नाही. आणि हो, त्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, ते आपलं कॅलेंडर बघून ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. ती सीएसएमटीहून मध्यरात्रीनंतर सुटते, त्यामुळे तिकिटावरची तारीख दोनदा बघा, शनिवारी रात्री निघायचं म्हणजे तिकीट रविवारचं. स्टेशनं तीन-चार आहेत आणि गोंधळ इथेच होतो: वाराणसी जंक्शन, ज्याला तिथले लोक कँट म्हणतात, मग बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, मग वाराणसी सिटी, आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणजे जुनं मुगलसराय, जे नदीपलीकडे पंधरा-सोळा किलोमीटर लांब आहे. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटर.

राहायचं कुठे यावर माझं मत स्पष्ट आहे, म्हातारी माणसं सोबत असतील तर अस्सी घाटाच्या बाजूला राहा. तिथे गाडी बऱ्यापैकी जवळ येते, रस्ते रुंद आहेत आणि नाव तिथूनच पकडता येते. "घाटाला लागून, गंगा व्ह्यू" असं लिहिलेली मधल्या घाटांवरची हॉटेलं फोटोत छान दिसतात पण तिथे सामान डोक्यावर घेऊन गल्लीतून पाऊण किलोमीटर जायचं आणि वर तीन मजले चढायचे, लिफ्ट नाही. बुकिंग करताना फोन करून दोनच प्रश्न विचारा: गाडी दारापासून किती लांब थांबते, आणि लिफ्ट आहे का. धर्मशाळा, आश्रम यांच्या नावाने नेटवर खोटे नंबर फिरत असतात, अनोळखी नंबरवर पूर्ण पैसे आधी पाठवू नका.

२. घरूनच करून निघायच्या गोष्टी

विश्वनाथाच्या दर्शनाला साधी रांग असते ती फुकट, आणि सुगम दर्शन म्हणून तिकीट काढून कमी वेळाचं दर्शन असतं. हे तिकीट मंदिर न्यासाच्या अधिकृत साइटवरूनच काढायचं, दर दिवसाप्रमाणे, सणावाराप्रमाणे बदलतात त्यामुळे तिथेच बघा. मंगला आरतीचं तिकीट वेगळं, ती पहाटे तीनला सुरू होते, म्हणजे तुम्हाला त्याच्याही आधी रांगेत हजर राहावं लागतं. मुलं आणि आजी-आजोबा दोन्ही असतील तर मंगला आरतीच्या नादी लागू नका, पुढचा अख्खा दिवस झोपेत जातो. सुगम दर्शन मात्र जरूर काढा. देवाच्या दारात पैसे कशाला, फुकटच्या रांगेतूनच जाऊ असं बाबा म्हणतील, त्यांना समजवा की ही सोय त्यांच्याच पायांसाठी आहे.

सोबत काय घ्यायचं ते एकदाच लिहिते:

- सगळ्यांचं ओरिजिनल आधार कार्ड, मुलांचंसुद्धा. हॉटेलला लागतं, दर्शनाच्या तिकिटालाही लागतं.
- तिकिटाची कागदावर प्रिंट. मंदिरात मोबाइल नेता येत नाही त्यामुळे "फोनमध्ये आहे" हे चालणार नाही.
- दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर.
- काढघाल सोपी अशी चप्पल. बुटांच्या लेस बांधत बसायला गल्लीत जागा नसते.
- आजी-आजोबांची दिवसभराची औषधं एका छोट्या डबीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी.
- स्वेटर किंवा शाल, कारण थंडीत पहाटे नदीवर वारा बोचतो.
- मुलांच्या खिशात एका चिठ्ठीवर दोन मोबाइल नंबर आणि हॉटेलचं नाव, हिंदीत लिहिलेलं.
- स्नान करणार असाल तर जुने कपडे, एक टॉवेल, आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी.

स्मार्ट वॉच, पॉवर बँक, इअरफोन, कॅमेरा, पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत. मोठ्या पर्स हॉटेलवरच ठेवा. सगळ्या घरात मिळून एकच फोन बाहेर काढा, लॉकरमध्ये ठेवायचा झाला तर तेवढाच.

३. पहाटे पाच-साडेपाच: आधी नदी

काशीत गंगा उत्तरेकडे वाहते, आणि सगळे घाट पश्चिम काठावर पूर्वेला तोंड करून आहेत. समोरच्या काठावर वस्ती नाही, वाळू आहे नुसती. त्यामुळे सूर्य उगवला की पहिला उजेड सरळ घाटांच्या दगडांवर पडतो. ही वेळ चुकवू नका, बाकी काही सुटलं तरी चालेल.

अस्सीला पहाटे गंगेची आरती असते, २०१४पासून सुरू झालेला सुबह-ए-बनारस नावाचा कार्यक्रम, त्यात मंत्रपठण, आरती, मग शास्त्रीय गाणं-वाजवणं आणि योगासनं. आजी-आजोबांना इथे पायऱ्यांवर बसवून पंधरा-वीस मिनिटं ऐकू द्या आणि मग नाव करा.

नावेचा भाव ठरवताना एक वाक्य नेहमी बोला: "भैया, पूरी नाव का बोल रहे हो या एक आदमी का?" इथेच सगळी भांडणं होतात, चढताना "पाचशे" ऐकलेलं असतं आणि उतरताना ते माणशी निघतं. कुठून कुठे, किती वेळ, हातवल्ह्याची का मोटरची, हे सगळं चढायच्या आधी. लाइफ जॅकेट मागा, देत नसेल तर दुसरी नाव बघा, मुलं असताना यात भीड धरू नका. मोटरबोट लवकर पोचवते पण आवाज फार, माझं म्हणणं हातवल्ह्याची घ्या. अस्सीहून बसायचं आणि दशाश्वमेधला उतरायचं, परत यायचं नाही, कारण पुढे दर्शन तिकडेच आहे. म्हणजे तीनेक किलोमीटर चालणं वाचतं आणि तेवढ्यात निम्मी काशी डोळ्यांखालून जाते.

जाताना डावीकडे बघत राहा आणि मुलांना सांगत राहा. तुलसीघाट, जिथे तुलसीदास राहिले. मग चेतसिंह घाटाचा किल्ल्यासारखा वाडा, १७८१मध्ये राजा चेतसिंहाने वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध उठाव केला तो इथून. मग हरिश्चंद्र घाट, इथे चिता जळत असतात. मग केदारघाट, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, दक्षिणेतल्या देवळासारखा, तिथे तमिळ, तेलुगू कानावर पडतं. आणि मग पुढे आपली माणसं सुरू होतात. अहिल्याबाई घाट. त्याला लागून दशाश्वमेध, जो १७४८मध्ये नानासाहेब पेशव्यांनी, म्हणजे बाळाजी बाजीरावांनी बांधला आणि नंतर अहिल्याबाईंनी पुन्हा नीट केला.

वेळ आणि पैसे असतील तर नाव दशाश्वमेधला न थांबवता पुढे पंचगंगेपर्यंत न्या आणि मग परत दशाश्वमेधला उतरा. अर्धा-पाऊण तास जास्त जातो पण मराठी माणसाने ते बघावंच असं मला मनापासून वाटतं. मणिकर्णिकेच्या पुढे शिंदे घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाईंनी बांधलेला, तिथे पाण्यात एका बाजूला कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, मुलं ते बघून हरखतात. मग नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट, जाडजूड दगडी, वर छोट्या खिडक्यांची रांग. मग पंचगंगा, तिथे औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं देऊळ. पैठणच्या नाथांनी भागवताची टीका पूर्ण केली ती याच काशीत, १५७३मध्ये. पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट, हा जुना मराठी मोहल्ला. नावेतून हे सगळं एका ओळीत बघताना अठराव्या शतकात आपल्या माणसांचा इथे केवढा राबता होता ते कळतं, पुस्तकात वाचून तितकं कळत नाही.

स्नान करायचं असेल तर नावेतून उतरल्यावर दशाश्वमेधला करा, बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, साखळी किंवा दांडा असेल तिथेच उतरा, आणि मुलांना एका मोठ्या माणसाने हाताला धरूनच. काही न विचारता कुणी कपाळाला गंध लावायला, हातात फुलं देऊन संकल्प सांगायला आलं तर आधी दक्षिणा विचारा, नसेल करायचं तर हात जोडून पुढे व्हा. पिंडदान, श्राद्ध असं काही करायचं असेल तर ते आजच्या दिवसात घुसवू नका, त्याला अर्धा दिवस लागतो. घरच्या गुरुजींना विचारून इथल्या मराठी क्षेत्रोपाध्यायांशी आधीच बोलून या.

४. विश्वनाथ

दशाश्वमेधहून मंदिर दहा-पंधरा मिनिटं चालत. विश्वनाथ धाम, ज्याला सगळे कॉरिडॉर म्हणतात, त्याचं उद्घाटन १३ डिसेंबर २०२१ला झालं, आणि तेव्हापासून आत मोकळं आवार आहे, सावली, पाणी, बसायला जागा आहे. चार मोठी प्रवेशद्वारं आहेत. एक घाटाच्या बाजूने, ललिता घाटावरून वर येणारं गंगाद्वार, तिथे पायऱ्या भरपूर आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी रस्त्याच्या बाजूने, चार नंबर गेटने जावं. व्हीलचेअर मिळते, पोलिसांना किंवा मदत केंद्रावर "माताजी चल नहीं पाएंगी" एवढं सांगितलं की दाखवतात कुठे ते.

गेटच्या आधी गल्लीत दोन्ही बाजूंनी दुकानवाले हाका मारत असतात, "आइए माताजी, लॉकर फ्री, चप्पल यहाँ रखिए". लॉकर फ्री असतं हे खरं, पण त्याबदल्यात पूजेची थाळी घ्यावी लागते, आणि त्या थाळीचा भाव तुम्ही परत आल्यावर सांगितला जातो. म्हणून आधी थाळीचा भाव, थाळीत काय काय आहे, आणि लॉकरची किल्ली आपल्याच हातात, हे तिन्ही करून मगच सामान ठेवा. मंदिराच्या स्वतःच्या लॉकरची सोयही आहे, गेटवर विचारा. आणि जो माणूस "व्हीआयपी लाइनने पाच मिनिटांत नेतो" म्हणतो त्याच्याकडे बघूही नका, तो कितीही गंधबिंध लावलेला, गोड बोलणारा असो.

दर्शन स्वतः काही सेकंदांचं असतं हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पिंडी गाभाऱ्यात मधोमध नाही, एका कोपऱ्यात चांदीच्या चौकोनी कुंडात आहे आणि आपल्या कल्पनेपेक्षा लहान आहे, त्यामुळे लोक भलतीकडेच बघत असतात आणि तोवर "चलिए चलिए" होऊन बाहेर. दारात पोचलात की नजर खाली कुंडाकडे. स्पर्श ठरावीक वेळातच करू देतात, नाही मिळाला तर मनाला लावून घेऊ नका. दर्शन झाल्यावर लगेच बाहेर पळू नका, आवारात बसा. आत्ताचं देऊळ १७८०मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलं, वरचं सोनं पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी दिलेलं. आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे जाऊन या. माझ्या सासूबाईंनी तिथे पदर डोक्यावर घेऊन जसा गाभाऱ्याला केला तसाच नमस्कार केला आणि बराच वेळ त्या हलल्या नाहीत, आणि त्या एकट्याच नव्हत्या, नऊवारीतल्या दोन आज्या आधीच तिथे बसलेल्या होत्या.

एक सूचना मधुमेहवाल्यांसाठी. दर्शन झाल्याशिवाय खाणार नाही असा नेम घरातली मोठी माणसं धरतात. रांगेत दोन तास गेले तर चक्कर येते. पहाटे नावेत बसतानाच दूध, केळं, दोन बिस्किटं असं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, यावर ठाम राहा.

५. अन्नपूर्णा, विशालाक्षी, कालभैरव

अन्नपूर्णा अगदी शेजारी. तिथे तांदळाचा प्रसाद मिळतो, तो घरी आणून तांदळाच्या डब्यात ठेवतात. विशालाक्षी मीरघाटाकडे, गल्लीतून पाच-सात मिनिटं. पाय दुखत असतील तर सोडा.

कालभैरव मात्र करा, कारण तो काशीचा कोतवाल, त्याच्या परवानगीशिवाय काशीत राहता येत नाही असं मानतात. देऊळ मैदागिनच्या बाजूला आहे, विश्वनाथापासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. टोटो म्हणजे ई-रिक्षा मिळाली तर घ्या. दुपारी बंद असतं, म्हणून सकाळच्या फेरीतच उरका. आत अगदी चिंचोळं आहे, काळा गंडा बांधतात, बाहेर कुत्र्यांना बिस्किटं घालतात. पाठीवर मोरपिसांचा झाडू मारून कुणी पैसे मागितले तर दहा-वीस रुपये पुरे. मुलाचा हात सोडू नका इथे.

मणिकर्णिकेबद्दल, म्हणजे काशीच्या मुख्य स्मशानघाटाबद्दल, इथेच लिहिते. मुलांना न्यायचं की नाही हे तुमच्या घरावर. आम्ही नावेतून दाखवलं, धाकट्याला तिथे काय चाललंय ते साध्या शब्दांत सांगितलं, त्याने दोन प्रश्न विचारले आणि गप्प बसला. मला ते बरोबर वाटलं. पायी गेलात तर फोटो, व्हिडिओ काढायचा नाही, लांबूनही नाही, समोर कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. तिथे एखादा येऊन "वरून चांगलं दिसतं" म्हणत गच्चीवर नेतो आणि मग गरिबांच्या चितेच्या लाकडासाठी किलोवर दान मागतो, आकडा हजारांत जातो, आणि नाही म्हटलं की घाबरवतो. त्याच्यामागे जाऊच नका. दान करायचंच असेल तर काशीत करायला दुसऱ्या शंभर चांगल्या जागा आहेत.

६. खाणं आणि दुपारची झोप

सकाळी दर्शनानंतर कचोरी-भाजी आणि गरम जिलबी. कचोरी गल्ली, ठठेरी बाजार या भागात सकाळी गर्दी दिसेल तिथे खा, मोठ्या कढईतून तळून थेट पानाच्या द्रोणात. भाजी तिखट असते, मुलांसाठी नुसती कचोरी आणि दही मागा. थंडीत गेलात तर मलइयो. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि त्याचा केशरी फेस मातीच्या कुल्हडात देतात, तोंडात ठेवला की काही राहतच नाही, नुसता केशर-वेलचीचा वास. सकाळी दहा-अकरापर्यंतच मिळतं, ऊन चढलं की संपलं. संध्याकाळी टमाटर चाट, कुल्हडातली लस्सी. पान खा, पण आजोबांनी "बनारसी पान" म्हणून तंबाखूचं घेऊ नये म्हणून "मीठा, बिना तंबाकू" असं स्पष्ट सांगा.

बारा-साडेबाराला सगळ्यांनी खोलीवर. हे मी पुन्हा सांगते कारण सगळ्यांत आधी लोक हेच काटतात. पहाटे चारला उठलेली सत्तरीची माणसं दुपारी दोन तास झोपली तरच संध्याकाळची आरती बघू शकतात.

७. तीननंतर: सारनाथ किंवा अस्सीची बाजू, दोन्ही नाही

सारनाथ शहरापासून दहा किलोमीटर, जाऊन-येऊन बघून तीन तास धरा. बोधगयेत ज्ञान झाल्यावर भगवान बुद्धांनी पहिला उपदेश पाच शिष्यांना केला तो इथे. धामेक स्तूप त्रेचाळीस मीटर उंच, खालच्या भागावर दगडात कोरलेली वेलबुट्टी हात लावण्याइतक्या जवळून दिसते. अशोकस्तंभाचा खालचा मोडका भाग जागेवरच आहे आणि वरचे चार सिंह शेजारच्या म्युझियममध्ये. मुलांना इथे न्याच, नोटेवर, पासपोर्टवर रोज दिसणारे सिंह समोर उभे असतात, आणि दगडाला अजून अशी चकाकी आहे की पॉलिश काल केल्यासारखं वाटतं. ते १९५०मध्ये राष्ट्रचिन्ह झालं. म्युझियम शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे शुक्रवारी जाणार असाल तर सारनाथ ऐवजी दुसरा पर्याय घ्या. मूलगंधकुटी विहार १९३१चा, भिंतींवर जपानी चित्रकाराने काढलेलं बुद्धचरित्र. आपल्याकडच्या कितीतरी घरांसाठी सारनाथ हीच मुख्य यात्रा आहे, बाबासाहेब नागपूरच्या दीक्षेनंतर नोव्हेंबर १९५६मध्ये इथे येऊन गेले होते, तुम्ही त्यासाठीच येत असाल तर वरचा क्रम सरळ उलटा करा, सकाळ सारनाथला द्या.

म्हातारी माणसं फार दमली असतील तर दुसरा पर्याय, अस्सीच्या बाजूचं. दुर्गाकुंडाचं लाल देऊळ, त्याला लागून १९६४चं तुलसी मानस मंदिर ज्याच्या संगमरवरी भिंतींवर अख्खं रामचरितमानस कोरलंय, पुढे संकटमोचन हनुमान, आणि बीएचयूच्या, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठाच्या आत नवं विश्वनाथ मंदिर, जिथे निवांत बसून अभिषेकही करता येतो. ही देवळं दुपारी बंद असतात, साडेतीन-चारनंतर निघा. संकटमोचनला मंगळवार-शनिवार खूप गर्दी, आणि माकडं. प्रसादाची पिशवी हातात लटकवू नका, चष्मा सांभाळा. भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे, घोड्यावरचा पुतळा आणि बाग, अस्सीपासून चालत जाण्यासारखं. तिचे वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्याकडे नोकरीला इथे होते, मनूचा जन्म काशीतला. मुलींना घेऊन आवर्जून जा.

८. संध्याकाळची आरती

दशाश्वमेधची आरती हिवाळ्यात सहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातच्या पुढे. पूर्ण फुकट. घाटावर बसून बघायचं तर तासभर आधी जागा धरा. नावेतून बघायचं तर माणशी पैसे घेऊन नाव समोर उभी करतात, आजी-आजोबांना बसायला बरं पडतं, पण चढताना-उतरताना एका नावेतून दुसरीत पाय टाकत जावं लागतं, अंधारात, ते जमणार असेल तरच. परतताना हजारो माणसं एकाच रस्त्याने गोदौलियाकडे निघतात. पंधरा मिनिटं बसून राहा, गर्दी सरू द्या.

गुडघे, गर्दी यांची भीती असेल तर अस्सीलाही संध्याकाळी आरती होते, तशीच मोठे दिवे, धूप, शंख, आणि बसायला मोकळ्या पायऱ्या. भव्यपणा कमी, पण आजींना समोर बसून टाळ्या वाजवत म्हणता येते. माझी पसंती घरात दोनपेक्षा जास्त ज्येष्ठ असतील तर अस्सीच. दिव्याचा द्रोण सोडायचा तर लहान मुलं विकतात, दहा-वीस रुपये, भाव करत बसू नका.

९. गंगेचा गडू आणि साडी

गंगेचा गडू घ्यायचा म्हणजे तांब्याचा तो छोटा, तोंड झाळून बंद केलेला. विश्वनाथ गल्लीत, ठठेरी बाजारात आधीच भरून बंद केलेले मिळतात. पण तुम्ही स्वतः भरलेलं पाणी हवं असेल तर रिकामा गडू सकाळीच घ्या, नावेतून मधल्या धारेचं पाणी भरा आणि मग दुकानदाराकडून झाळून घ्या. तो झाकण बसवतो, कडेने कथील वितळवून फिरवतो, ओल्या फडक्याने पुसतो आणि उलटा धरून हलवून दाखवतो. हे तुम्हीही करून बघा, थेंब आला तर परत झाळायला लावा, घरी देवघरात वर्षानुवर्षं ठेवायचाय तो. विमानाने येणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. मावंद्याला, म्हणजे यात्रेहून आल्यावरच्या घरच्या जेवणाला, जेवढी घरं बोलावणार तेवढे लहान गडू लागतात, त्यामुळे आकडा घरूनच काढून या.

बनारसी साडीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. रिक्षावाला "विणकराच्या घरी, फॅक्टरी रेटने" म्हणत नेत असेल तर उतरू नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. सिल्क मार्क, हँडलूमचं लेबल बघा, साडी उलटी करून मागची बाजू बघा. कढुआ विणकामात बुट्टा एकेक करून विणतात, त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत, अशी साडी महाग असणारच. कुणी तीन हजारांत शुद्ध रेशमी कढुआ देत असेल तर ती पॉवरलूमची आहे असं समजून, आवडली तर त्या भावाने घ्या.

१०. परतताना

रात्रीच्या गाडीने निघणार असाल तर आरतीनंतर दोन तासांचं अंतर ठेवा, आठची गाडी धरूच नका. अस्सीहून कँट स्टेशनला एरवी अर्धा तास, संध्याकाळी तासाच्या वर. सामान आधीच बांधून हॉटेलच्या रिसेप्शनला ठेवा. गाडी कँटहून आहे, बनारसहून आहे की दीनदयाळ उपाध्यायहून, हे तिकिटावर बघूनच रिक्षावाल्याला सांगा, नुसतं "स्टेशन" म्हटलं की तो कँटला नेतो. आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाडी नंबर, डबा, सीट टाकून ठेवा, प्लॅटफॉर्मवर गर्दीत दोन टोळ्या झाल्या तरी सगळे एकाच डब्यापाशी पोचतात.